दाढेचं गाऱ्हाणं

तीस वर्षं मी जतच्या शाळेत भूगोल शिकवला आणि तीस वर्षं फळ्यावर खडूनं कोकणचा किनारा काढला. डोळे मिटूनही काढतो. वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल, अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे एकेक नदी समुद्रात सोडतो. पण हा किनारा प्रत्यक्षात पाहिला होता एकदाच, शाळेच्या सहलीत, आणि त्या सहलीत मी समुद्र पाहिलाच नव्हता. फक्त डोकी मोजली होती. छप्पन्न. दर अर्ध्या तासाला छप्पन्न. त्यामुळे या वर्षी सुनंदा आणि मी कोल्हापूरहून फोंडा घाटाच्या एसटीत बसलो, तेव्हा वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी खिडकीसाठी बायकोशी भांडलो, हे कबूल करतो.

जायचं कारण मात्र सहलीचं नव्हतं, ते आधीच सांगतो. माझं यकृत, म्हणजे लिव्हर, जवळजवळ निकामी झालंय. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. मधुमेहानं आणि माझ्या जिलेबीप्रेमानं हे काम केलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता प्रत्यारोपण हाच उपाय. सुनंदाच्या यकृताचा तुकडा मला बसवायचा, तिचा रक्तगट जुळतो. पस्तीस वर्षांच्या संसारात आमचं दुसरं काही फारसं जुळलेलं नाही, हे जुळलं. सगळे कागद जमले होते, एक सोडून. तोंडात कुठे संसर्ग नाही असं दंतवैद्यांचं पत्र हवं होतं. प्रत्यारोपणानंतर शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवतात, मग किडक्या दाढेतला पू सगळीकडे पसरू शकतो. पत्र नाही तर शस्त्रक्रियाही नाही. आणि माझी उजवीकडची खालची दाढ कुजलेली होती.

ती काढून घ्यायला मी दोन दंतवैद्यांकडे गेलो होतो. लिव्हरचं नाव काढताच पहिल्यांनी हातमोजे उतरवले. दुसऱ्यांनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचं नाव लिहून दिलं, तिथली तारीख फार लांबची मिळाली. मी पुरता वैतागलो होतो. त्यात पुण्याचे डॉक्टर म्हणाले, ‘शस्त्रक्रियेनंतर वर्षभर गर्दी, धूळ, प्रवास बंद. काही बघायचं असेल तर आत्ता पाच दिवस बघून या. फाईल जवळ ठेवा.’ मी त्याच संध्याकाळी परब सरांना फोन लावला.

परब सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. वीस वर्षं आमच्या घरची भाकरी खाताना त्यांनी ‘एकदा आमच्याकडे या, मग कळेल मासे काय असतात ते’ असं मला ऐकवलं होतं. निवृत्त होऊन ते कोकणात, कट्टा नावाच्या बाजारगावाजवळच्या आपल्या गावी परतले. फोनवर ते एवढंच म्हणाले, “येवा.”

कणकवली ते कट्टा

घाट उतरताना माझ्या कानांना दडे बसले आणि तोंड काही बंद झालं नाही. “बघ, हा जांभा! हाच तो दगड!” मी सुनंदाला सांगत होतो. शाळेच्या कपाटात जांभ्याचा एक तुकडा होता, तो मी दरवर्षी वर्गातून फिरवायचो. इथे तर घरं त्याची, कुंपणं त्याची, विहिरी त्याच्या! आमच्याकडे दगड काळा, माती काळी आणि पाणी टँकरचं. इथे सगळं लाल आणि त्यावर हिरवं. मागच्या सीटवरच्या बाईंनी शेवटी विचारलं, “तुमी पयल्यांदाच येतास काय ओ?”

कणकवलीला परब सर गाडी घेऊन उभे होते. त्यांच्या घराच्या दारात त्यांच्या पत्नी शालूवहिनींनी पायावर पाणी घातलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, “मीठ कमी घालूचा ना? माका ह्येंनी सांगल्यानी. भिया नकात.” मी खरंच भीत होतो. माझ्या पोटात पाणी साठतं, म्हणून मीठ जवळपास बंद आहे, आणि बिनमिठाचं जेवण वाढणारे यजमान एक तर रडवेले होतात नाहीतर रागावतात. वहिनींनी आमसुलं, तिरफळं आणि ओलं खोबरं असं काही मिसळलं होतं, की सुरमईच्या आमटीला मीठ नाही हे मला दुसऱ्या वाढणीला कळलं. आमच्याकडे जेवताना पाहुण्याला आग्रह करतात. इथे आग्रह करत नाहीत, सरळ वाढतात.

विजयदुर्गात गमबूट

दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग. रस्ता लांबचा, पण मला तो इतका आवडला, की लांब वाटलाच नाही. किल्ल्याच्या तटावर उभं राहिलो आणि समोर वाघोटणची खाडी! नकाशात मी तिला एका बारीक निळ्या रेघेत उरकायचो. ती रेघ इथे एवढी रुंद होती, की पलीकडची माणसं ओळखू येत नव्हती. खाली मासेमारीच्या होड्या, निळ्या, पिवळ्या, आणि जाळी उन्हात पसरलेली. मी परब सरांना म्हणालो, “सर, मी तीस वर्षं पोरांना फसवलं.” ते म्हणाले, “परीक्षेत तेवढंच विचारायचे ना. बरोबर केलंत.”

आता गमबुटांची गंमत सांगतो. माझ्या टाचांना भेगा आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की लिव्हर एवढं थकलेलं असताना भेगाळलेल्या पायांनी खाऱ्या पाण्यात उतरायचं नाही, त्यातले जंतू रक्तात गेले तर जिवावर बेततं. कच्ची कालवं, शिंपल्यातले अर्धेकच्चे मासेही बंद, त्याच कारणानं. म्हणून सुनंदानं कोल्हापुरात गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेतले होते. ते घालून मी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी प्रथमच समुद्रात उभा राहिलो. लाट आली, बुटाला धडकली, परत गेली. मी ओरडलोच. खडकावर एक म्हातारे गृहस्थ कोयत्यानं कालवं सोडवत होते, ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक कालव फोडून पुढे केलं.

“घ्या, ताजा आसा. असाच खावा.”

माझा हात पुढे गेला होता. सुनंदा मधेच उभी राहिली.

“त्यांना कच्चं चालत नाही,” ती म्हणाली.

“मगे बूट तरी काढा म्हणा,” ते म्हणाले. तेही चालत नाही, हे ऐकल्यावर त्यांना माझी एवढी कीव आली, की त्यांनी कालवांचं गाठोडं बांधून सुनंदाच्या हातात दिलं. “घराक न्हेवन शिजवन घाला. चांगली शिजवा.”

जेवायला गावातल्या एका खानावळीत बसलो. शिजवलेल्या तिसऱ्या, म्हणजे छोट्या शिंपल्या, खाताना मी इतका रंगात आलो होतो, की शिंपलीसकट चावलो. कडकन आवाज झाला. शिंपली शाबूत होती. दाढेचा अर्धा तुकडा ताटात पडला.

कट्ट्याचा बाक

तिसऱ्या दिवशी सकाळी गाल सुजला. परब सर म्हणाले, कट्ट्याला बाजारात एक दंतवैद्य बाई आहेत, हात हलका आहे, सगळा गाव तिथे जातो. सुनंदा यायला निघाली होती, पण वहिनींनी ती कालवं तिच्यापुढे ठेवली होती. “सगळं सांगा त्यांना,” ती म्हणाली आणि फाईल माझ्या मांडीवर ठेवली.

परब सरांनी मला दारात सोडलं आणि ते बाजारात गेले. मी फाईल गाडीतच ठेवली. विसरलो नाही, मुद्दाम ठेवली. दोनदा नकार ऐकला होता, तिसऱ्यांदा ऐकायची माझी तयारी नव्हती. तरी सांगावं की नाही हे अजून ठरलं नव्हतं. ते ठरलं बाकावर.

दवाखाना म्हणजे एक खोली, मधे पडदा. बाकावर माझ्या शेजारी मासे विकून आलेली एक बाई बसली होती, रिकामी टोपली पायाशी. आमच्या जतला अनोळखी माणसाला लोक आधी पाऊसपाण्याचं विचारतात. इथे सरळ तुमचंच विचारतात. पाच मिनिटांत बाईंना माझं गाव, पगार किती होता आणि मुलं किती हे कळलं. मग त्यांनी स्वतःच्या वाडीतली हकीकत सुरू केली.

“तेची लिवर गेली. पिवन पिवन. आता पॉट ह्या एवढा. बायल बिचारी मासे इकता आणि ह्यो खाटयेर.” त्यांनी नाक मुरडलं. “लिवर काय उगाच जाता? केलेला भोगूचाच लागता.”

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी कागद घेऊन मोठ्यानं विचारायला लागली. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

“मधुमेह?”

“आहे.”

“रक्तदाब?”

“नाही.”

“लिवरचो काय त्रास?”

बाकावरची सगळी डोकी माझ्याकडे वळली, निदान मला तसं वाटलं. मी म्हणालो, “नाही.”

वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी ओणवं उभं करायचो. आता स्वतः तो शब्द इतका सहज बोललो, की माझंच मला आश्चर्य वाटलं. पडद्याआड डॉक्टरबाईंनी दाढ पाहिली. तरुण होत्या, नेमकं बोलणाऱ्या. “सगळं बरोबर सांगितलंय ना, काका? दुसरं काही औषध चालू?” मी मान डोलावली. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली आणि दुखलं तर रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला एका गोळीची पट्टी लिहून दिली. मी ती शेजारच्या दुकानातून घेतली, खिशात टाकली आणि बाजारातून आलेल्या परब सरांना म्हणालो, “झालं. उद्या काढतात.” मला हवेत तरंगल्यासारखं वाटत होतं. दाढ जाणार, पत्र मिळणार. एवढं सोपं होतं तर!

रवळनाथासमोर

परब सरांनी माझ्यासाठी आधीच ठरवलं होतं, की गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचं. इथे कुणाचं काही मोठं काम असलं, आजार असला, मुंबईला नोकरीला जायचं असलं, की देवासमोर ते सांगतात. एक जाणता माणूस नारळ हातात घेऊन मोठ्यानं बोलतो, आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी आम्ही देवळात गेलो. दहाबारा माणसं होती. गाऱ्हाणं घालायला तात्या आले, ऐंशीच्या घरातले, धोतर आणि वर स्वेटर.

“नाव सांगा. गाव सांगा. आता गाऱ्हाणा काय, ता सांगा.”

“प्रकृती बरी राहावी, एवढंच,” मी म्हणालो.

तात्यांनी नारळ खाली घेतला. “प्रकृती म्हणजे काय? देवाक ह्यो सगळो गाव सांभाळूचो आसा. तुमी नीट सांगलास नाय तर तेका कसा कळतला, खंयच्या दुखण्याक हात घालूचो तो?”

बाजूचे दोघे हसले. मी सुनंदाकडे पाहिलं. ती हसत नव्हती, फक्त वाट बघत होती. मग मी बोललो. देवळात आवाज घुमतो, त्यामुळे हळू बोललेलंही मोठं झालं.

“माझं लिव्हर खराब झालंय. दारू न पिता.”

सुनंदाच्या यकृताचं आणि उद्याच्या दाढेचं परब सरांनी तात्यांना सांगितलं. मग तात्यांनी नारळ उचलला आणि असा आवाज लावला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी पुढचं अक्षर न् अक्षर लक्षात आहे.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्यो घाटावरचो पावणो तुझ्या पायांकडे इल्लो आसा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या लिवराक पिडा झाली आसा, पण तेणा दारयेचो थेंब घेवक नाय म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!” हे सगळ्यांत जोरात. कुणीतरी माझ्या पाठीवर थापही मारली. दहाबारा माणसांसमोर, देवाच्या साक्षीनं मी निर्दोष सुटलो होतो! इतके दिवस ज्याला भीत होतो ते हेच का, असं मनात येऊन मला हसू फुटायला लागलं.

“तेची बायल तेका आपल्या काळजाचो तुकडो देतली आसा म्हाराजा, दोघांकय सुखरूप ठेव रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

“आणि उद्या तेची दाढ काढूची आसा म्हाराजा...” तात्या इथे थांबले. गाऱ्हाण्याच्या मधेच त्यांनी माझ्याकडे वळून साध्या आवाजात विचारलं, “ह्या सगळा डॉक्टरणीक सांगलास मां?”

मी त्यांच्या हातातल्या नारळाकडे बघत राहिलो.

“अहो,” सुनंदा म्हणाली. फक्त तेवढंच.

“नाही सांगितलं,” मी म्हणालो. “नाही म्हणून सांगितलं.”

परब सरांनी कपाळाला हात लावला. सुनंदानं माझ्या खिशातून डोकावणारी गोळ्यांची पट्टी काढली आणि उजेडात धरली. एकही गोळी फोडलेली नव्हती, रात्रीच्या जेवणानंतरच घ्यायची होती. ती बघितल्यावर सुनंदा देवळाच्या पायरीवर बसली. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, “मी माझं पोट कापून घ्यायला तयार झाले, आणि तुम्हाला एका डॉक्टरबाईसमोर एक शब्द बोलायची लाज वाटली?”

तात्यांनी नारळ न फोडता परत परब सरांच्या हातात दिला. “पयलो डॉक्टरणीक सांगा. मगे हडे येवा. अर्ध्या गाऱ्हाण्यार नारळ फोडूचो नाय.”

पुन्हा कट्टा

गाडीत पुढे परब सर आणि मी, मागे सुनंदा, तिच्या मांडीवर फाईल आणि फाईलवर नारळ. डॉक्टरबाई शटर ओढत होत्या. मी रस्त्यातच सगळं सांगून टाकलं, बाजारातल्या लोकांसमोर, एका दमात. त्यांनी शटर परत वर केलं.

“गोळी खाल्लीत?”

“नाही.”

“एक तरी? अर्धी?”

“नाही.”

त्यांनी पट्टी मागून घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. तुमच्यासारख्या माणसाला या दुखण्याच्या गोळीनं पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, असं त्यांनी सांगितलं. मग त्या माझ्या फाईलमधलं पानन्‌पान वाचत बसल्या. मी नकाराची वाट बघत होतो. त्या वर बघून म्हणाल्या, “उद्या दाढ काढायची नाही.”

“म्हणजे तुम्हीसुद्धा...”

“उद्या नाही म्हणाले मी. आधी रक्त तपासू. तुमचं रक्त लवकर गोठत नाही, सकाळी सरळ दाढ उपटली असती तर ती जखम वाहत राहिली असती, आणि मला कारणही कळलं नसतं.” मग फाईल मिटून, “काका, लपवलेलं लिव्हर मला भीती घालतं. सांगितलेल्या लिव्हरचा बंदोबस्त करता येतो.”

त्यांनी तिथूनच पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांचं वीस मिनिटं बोलणं झालं आणि मी कान देऊन ऐकत होतो, पहिल्या बाकावरच्या हुशार पोरासारखा. दुखण्यासाठी कोणती साधी गोळी आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे पुण्याहून ठरलं. सूज उतरायला कोणतं औषध चालेल, तेही. झोपेचं किंवा गुंगीचं काही नाही. एका वेळी एकच दाढ. आणि सकाळची पहिली वेळ, म्हणजे काही झालंच तर निस्तरायला दिवसाचा उजेड हाताशी.

रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट बासष्ट हजार निघाल्या. मला वाटलं संपलं. बाई म्हणाल्या, कमी आहेत, पण पुणं हो म्हणतंय. तरी त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना कळवून ठेवलं. पाच दिवसांचा मुक्काम वाढणार हे कळताच शालूवहिनींना इतका आनंद झाला, की त्यांनी तो लपवलाही नाही.

दाढ

सहाव्या दिवशी सकाळी मी त्या खुर्चीत बसलो. सुनंदा पडद्याच्या आत, माझ्या पायाशी. इंजेक्शन अगदी सावकाश दिलं. मग बाईंनी दाढ ओढली नाही, हलवत हलवत सोडवली, जणू जांभ्याच्या भिंतीतला एक चिरा बाजूच्यांना धक्का न लावता काढायचा आहे. निघाली! रिकाम्या खड्ड्यात त्यांनी विरघळणारा स्पंजसारखा तुकडा बसवला, वर दोन टाके घातले आणि औषधात भिजवलेली घडी चावून धरायला दिली.

“एक तास बाकावर. बोलायचं नाही, चूळ भरायची नाही, आणि रक्त आलं तर गिळायचं नाही. गिळलेलं रक्त तुमच्या लिव्हरला पचत नाही, डोक्यात गोंधळ होतो. काकू, पोट साफ व्हायचं ते पातळ औषध चुकवू नका. आणि हे गोंधळल्यासारखे वाटले, अक्षर बिघडलं, तर लगेच फोन.”

“अक्षर कसं तपासायचं?” सुनंदानं विचारलं.

“रोज काहीतरी लिहायला लावा.”

परब सरांनी वही काढली. मी बाकावर बसून, तोंडात घडी धरून, कोकणचा किनारा काढला. नद्या सोडल्या. वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण. परब सर शिक्षकाच्या नजरेनं तपासत होते. “गड नदी जरा वर गेली,” ते म्हणाले, “पण डोकं ठिकाणावर आसा.”

तेवढ्यात मासेवाल्या बाई आल्या. तीच टोपली. त्यांच्या कानावर गेलंच होतं, कट्ट्याच्या रस्त्यात मी ओरडून सांगितलेलं वाडीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“माका भियालास?”

बोलायची बंदी होती. मी मान हलवली, हो.

त्या बाकावर टेकल्या. “ती खाटयेवरची गजाल माझ्या घोवाची, दुसऱ्या कोणाची नाय. म्हणान तोंडात कडू येता. तुमका म्हणूक नाय मी.” खाटेवरचा तो माणूस त्यांचाच नवरा होता. मग त्यांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि सुनंदाच्या हातात पानात गुंडाळलेले मासे ठेवले. “मुडदुशे आसत. आजारी माणसाक ह्येच देतत. काटो चुकवन घाला तेंका, मऊ भातावांगडा.”

मी वही पुढे ओढली आणि किनाऱ्याखाली लिहिलं, ‘मला माफ करा.’ त्यांना वाचता येत नव्हतं. परब सरांनी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “अक्षर बरा आसा.”

एक तासानं घडी काढली. रक्त थांबलं होतं. मी उभा राहिलो आणि डॉक्टरबाईंनी बजावूनही हसलो, आणि त्यांनी मला परत बसवलं.

नारळ

पुढचे दिवस मी रोज संध्याकाळी एक किनारा काढला. आठवा दिवस, नववा, दहावा. सकाळी मी पडवीत बसलो, की गावातली येणारी-जाणारी माणसं आता मला थेट विचारायची, “काय मास्तर, लिवर काय म्हणता?” आणि मी सांगायचो, अगदी सविस्तर. आमच्याकडे आजाराचं नाव दारं लावून घेतात. इथे ते पडवीत मांडतात, मग येणारा जाणारा त्याच्यावर आपलं मत टाकून जातो, आणि कुणी पपई देऊन जातो. एकानं झाडपाल्याचा रस आणला होता. मी तो पुण्याला विचारल्याशिवाय घेणार नाही म्हटल्यावर त्याला जराही राग आला नाही. त्यानं तो रस पुढच्या घरी नेला.

चौदाव्या दिवशी टाके काढले. बाईंनी दोन किडके दात भरले, सगळं तोंड पुन्हा तपासलं आणि एका कागदावर सही केली, की तोंडात संसर्ग नाही. तो कागद मी दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचला, बाकावरच्यांसाठी. तिथून थेट देवळात. तात्यांनी तोच नारळ हातात घेतला, अर्धवट राहिलेलं गाऱ्हाणं दाढेपासून पुढे सुरू केलं, आणि नारळ पायरीवर एका फटक्यात फुटला. पाणी गोड होतं. सोळाव्या दिवशी परब सर आम्हाला कणकवलीला सोडायला आले आणि एसटी सुटेपर्यंत ते फक्त रस्त्यांबद्दल बोलत राहिले.

पुण्याच्या रुग्णालयात अर्ज भरताना आजारांच्या रकान्यात मी इतकं सविस्तर लिहिलं, की जागा संपली आणि मागच्या पानावर जावं लागलं. दंतवैद्यांचं पत्र फाईलच्या सगळ्यांत वर लावलं. शेवटचं काम राहिलं होतं समितीचं. अवयव देणाऱ्याला तिथे समोर बसवून विचारतात, की तो कुणाच्या दबावाखाली तर देत नाही ना. मला दाराशी बसवलं. टेबलापलीकडे तीन माणसं, समोर सुनंदा, इस्त्रीच्या साडीत, पाठ ताठ. मधल्या साहेबांनी चष्मा सारखा केला.

“ताई, तुमच्या यकृताचा भाग तुम्ही तुमच्या पतीला देणार आहात. यात तुमच्याही जिवाला धोका आहे, हे डॉक्टरांनी सांगितलंय?”

“सांगितलंय.”

“कुणी जबरदस्ती केली? घरच्यांनी? यांनी?”

“नाही.”

“मग हे तुम्ही स्वतःच्या इच्छेनं करताय, असं आम्ही लिहू?”

सुनंदानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग ती साहेबांकडे वळली आणि खोलीबाहेरच्या बाकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा!”